जुन्या मोटारीतला रेडिओ : ठेवावा की बदलावा?



जुन्या मोटारींचे संचलन तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. लोक बॉनेट उघडून इंजिन पाहतात, हॉर्न वाजवून पाहतात, सीटचे चामडे चाचपतात. डॅशबोर्डखाली मात्र फारसे कोणी डोकावत नाही. डोकावले, तर एक गंमत दिसते. एखाद्या गाडीत दोन जाड बटनांचा, पिवळट काचेच्या तबकडीचा मूळचा रेडिओ असतो. आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या तेवढ्याच जुन्या गाडीत निळे आकडे लुकलुकणारा नवा कोरा संच. दोन्ही गाड्यांच्या मालकांना कधीतरी एक निर्णय करावा लागला आहे. बहुधा तो आवडीनिवडीवर केलेला असतो. पण या साध्या दिसणाऱ्या प्रश्नात तुमच्या पाठ्यपुस्तकातले निम्मे भौतिकशास्त्र दडलेले आहे, आणि ते न समजता हात घातला तर गाडी पेटण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या आजोबांकडे १९५५ सालची मॉरिस मायनर आहे. गाडी चालू आहे. तिच्या डॅशबोर्डखाली व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, पण तो कित्येक वर्षे मुका. मामा म्हणतात, "हे खोके काढून टाका, मी नवा संच आणतो, चार स्पीकरचा, पन्नास-पन्नास वॅटचा." गॅरेजवाला पत्रा कापायला तयारच आहे. आजोबा म्हणतात, "रेडिओला कोणी हात लावायचा नाही." शेवटी दोघेही तुमच्याकडे पाहून म्हणतात, "तू विज्ञान शिकतोस ना? मग सांग!"

काय सांगाल?

रेडिओला लागते काय?

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातली एक तार तापवली की जवळच्या ऋण अग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांना पलीकडच्या पट्टीकडे, म्हणजे प्लेटकडे, ओढून न्यायचे तर प्लेटला दोनशे-अडीचशे व्होल्टचा धन दाब द्यावा लागतो. गाडीची बॅटरी तर १२ व्होल्टची! तुम्ही म्हणाल, ट्रान्सफॉर्मर वापरू. पण ट्रान्सफॉर्मरला बदलता प्रवाह लागतो. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा. चुंबकीय क्षेत्र बदलले नाही तर दुसऱ्या वेटोळ्यात काहीही निर्माण होत नाही, हे फॅराडेने १८३१ साली दाखवून दिले आहे.

त्या काळच्या अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा मोठा नामी होता. विजेच्या घंटेसारखी एक पोलादी पट्टी घेतली आणि ती सेकंदाला सुमारे शंभर वेळा थरथरवून बॅटरीचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये आळीपाळीने उलटसुलट पाठवला. याला व्हायब्रेटर म्हणतात. सरळ प्रवाहाचे असे तुकडे पाडले की ट्रान्सफॉर्मर कामाला लागतो, दाब वाढतो, मग तो पुन्हा एकदिश करून व्हॉल्व्हला द्यायचा. जुना रेडिओ लावल्यावर गाण्याच्याही आधी जी बारीक गुणगुण ऐकू येते ती या पट्टीची. गाणे अर्ध्या मिनिटाने येते, कारण व्हॉल्व्ह तापावे लागतात.

या सगळ्या खटाटोपाला किंमत पडते. असा रेडिओ साधारण ३ अँपिअर प्रवाह घेतो. १२ × ३ म्हणजे ३६ वॅट. त्यातून स्पीकरला मिळतात तीन-चार वॅट. बाकीची सर्व उष्णता. आजोबांच्या गाडीचा डायनॅमो पुऱ्या वेगात असताना सुमारे २० अँपिअर देतो. रात्री पावसात जात असाल तर दिव्यांना आठ-नऊ, इग्निशनला तीन, वायपरला तीन अशी वाटणी होते. त्यात रेडिओचे तीन मिळवा. शिल्लक फारशी राहत नाही. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो.

आता येथे मामांच्या बाजूचा पहिला मुद्दा निघतो, आणि तो खरा आहे. नवा संच साधारण आवाजात लावला तर दीड-दोन अँपिअरमध्ये काम भागते. ट्रान्झिस्टरला तार तापवावी लागत नाही, उच्च दाब लागत नाही, थरथरणारी पट्टी लागत नाही. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांसाठी फिल्को कंपनीने संपूर्ण ट्रान्झिस्टरचा पहिला मोटार-रेडिओ १९५५ सालीच, म्हणजे आजोबांच्या गाडीच्याच वर्षी, बाजारात आणला. किंमत १५० डॉलर! त्यामुळे व्हॉल्व्ह लगेच हटले नाहीत. पण त्यांचे दिवस भरले होते.

मुका झालेला व्हॉल्व्ह-रेडिओ दुरुस्त होतो का? बहुतेक वेळा होतो. बिघडतात ते मुख्यतः कागदी आणि रासायनिक कंडेन्सर. साठ-सत्तर वर्षांत त्यांतून प्रवाह गळू लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याला जोडलेला एक कंडेन्सर तर असा आहे की तो निकामी असताना रेडिओ नुसता लावून पाहिला तरी व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात. म्हणून "आधी चालू करून पाहू" हा मोह टाळावा. जाणकार कारागिराकडून कंडेन्सर बदलून घ्यावेत आणि मगच बटन फिरवावे. आणि एक गोष्ट तुम्हाला बजावून सांगतो : या खोक्यात अडीचशे व्होल्ट असतात, आणि रेडिओ बंद केल्यावरही काही वेळ ते कंडेन्सरमध्ये साठून राहतात. बॅटरी बाराच व्होल्टची आहे म्हणून आत बोट घालू नका.

उलटी बॅटरी

आता सर्वांत धोक्याच्या जागी येऊ. मोटारीत प्रत्येक दिव्याला एकच तार जाते, हे तुम्ही पाहिले आहे का? परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते. पण १९६० च्या दशकापर्यंतच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत, आणि अर्थात आपल्या मॉरिस मायनरमध्ये, धन टोक पत्र्याला जोडलेले असते. कारागीर याला पॉझिटिव्ह अर्थिंग म्हणतात.

नव्या संचाचे धातूचे खोके आतून ऋण टोकाला जोडलेले असते. ते आजोबांच्या गाडीत नेऊन स्क्रूने पत्र्यावर आवळले तर काय होईल? खोके ऋण, पत्रा धन. बॅटरीची दोन टोके एकमेकांना थेट जोडली गेली. मोटारीची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर देऊ शकते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलचा नियम तुम्ही शिकला आहात. प्रवाह दहापट झाला की उष्णता शंभरपट. सत्तर वर्षांची वाळलेली कापडी वेष्टनाची तार पेटायला मग कितीसा वेळ लागणार? फ्यूज संचाच्या एका तारेवर असतो. खोक्यातून पत्र्याकडे जाणारा प्रवाह त्या फ्यूजमधून जाईलच असे नाही.

म्हणून नवा संच बसवायचा तर दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे संच पत्र्यापासून पूर्ण अलग ठेवून त्याला वेगळा, दोन्ही बाजूंनी विलग असा वीजपुरवठा देणे. दुसरा म्हणजे सगळ्या गाडीचेच अर्थिंग उलटे करणे. हा दुसरा मार्ग ऐकायला भयंकर वाटतो, पण तितका अवघड नाही आणि त्यातले विज्ञान मोठे सुंदर आहे. बॅटरीच्या जोडण्या उलट्या केल्यावर डायनॅमोलाही "तू आता उलटा हो" असे सांगावे लागते. कसे? डायनॅमोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व कायम शिल्लक असते आणि त्याच्या दिशेवरून डायनॅमो आपली धन-ऋण टोके ठरवतो. क्षेत्र-वेटोळ्याला क्षणभर बॅटरीचा स्पर्श नव्या दिशेने दिला की लोखंडाची ही आठवण पालटते. इग्निशन कॉइलच्या दोन तारांचीही अदलाबदल करावी लागते, कारण स्पार्क प्लगचे मधले, जास्त तापलेले टोक ऋण असले तर ठिणगी कमी दाबात पडते. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज निघतात! व्हॉल्व्हमध्ये पाहिले तेच तत्त्व येथे भेटले.

पण मग जुन्या रेडिओचे काय? ते व्हायब्रेटरच्या जातीवर अवलंबून आहे. एका जातीत पट्टी फक्त प्रवाहाचे तुकडे पाडते आणि एकदिश करण्याचे काम वेगळा व्हॉल्व्ह करतो. अशा रेडिओला बॅटरी उलटी जोडली तरी फरक पडत नाही; उलटसुलट प्रवाह उलटा केला तर तो उलटसुलटच राहणार. दुसऱ्या जातीत पट्टीवरचेच जादा संपर्क-बिंदू एकदिश करण्याचे कामही उरकतात. तेथे बॅटरी उलटी झाली की प्लेटवर ऋण दाब येतो, इलेक्ट्रॉन मागे ढकलले जातात, रेडिओ बोलत नाही, आणि रासायनिक कंडेन्सर तापून फुटतात. तेव्हा आजोबांचा रेडिओ कोणत्या जातीचा, हे पाहिल्याशिवाय अर्थिंगला हात लावायचा नाही.

पन्नास वॅटचे गणित

मामांच्या संचावर "५० वॅट × ४" असे छापले आहे. हे आकडे बाजारात इतके रुळले आहेत की कोणाला शंका येत नाही. आपण ती घेऊ.

इंजिन चालू असताना आजच्या गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. साध्या संचाला यापेक्षा जास्त दाब आणायला जागा नाही. स्पीकरच्या दोन्ही टोकांना दोन वर्धक जोडून एक वर जाताना दुसरा खाली येईल अशी योजना केली, तर स्पीकरवर जास्तीत जास्त एका बाजूला १४.४ आणि दुसऱ्या बाजूला १४.४ व्होल्ट मिळतील. स्पीकरचा रोध ४ ओहम. शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध :

१४.४ × १४.४ ÷ ४ = ५१.८ वॅट.

पन्नास वॅट सापडले! पण थांबा. हा हिशेब दाब सतत शिखरावर आहे असे मानून केला. म्हणजे लहरीचा आकार चौकोनी ठोकळ्यासारखा झाला, आणि तो आवाज फाटका, कर्कश असतो, गाणे नव्हे. शुद्ध स्वराची लहर शिखरावर क्षणभरच असते. तिच्यासाठी शिखराच्या दाबाला २ च्या वर्गमुळाने भागावे लागते : १४.४ ÷ १.४१४ = १०.२ व्होल्ट. त्यावरून शक्ती येते २६ वॅट. ट्रान्झिस्टरमध्ये थोडा दाब खर्च होतो, तो वजा केला की स्वच्छ आवाजाचे अठरा-वीस वॅट हाती लागतात.

आणखी एक ताळा पाहा. अशा संचाच्या मागे बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १० अँपिअरचा असेल तर आत जाणारी जास्तीत जास्त शक्ती १४.४ × १० = १४४ वॅट. बाहेर मात्र म्हणे २०० वॅट! एवढे साधले असते तर त्या संचावर आपण विजेचा कारखानाच चालवला असता.

बरे, वीस वॅट तर वीस वॅट. जुन्या रेडिओचे चार. म्हणजे आवाज पाचपट मोठा होणार ना? नाही. कान शक्तीची बेरीज करीत नाही. तो पटी मोजतो. म्हणून आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात : शक्ती दहापट झाली की १० डेसिबेल वाढ, दुप्पट झाली की ३ डेसिबेल. पाचपटीला ७ डेसिबेल. आणि कानाला आवाज "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबेल लागतात. म्हणजे शक्ती पाचपट वाढवूनही आवाज दुप्पटसुद्धा वाटणार नाही.

नवा संच जुन्या स्पीकरला जोडण्यातही एक खोच आहे. जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार पुष्कळदा पत्र्यालाच जोडलेली असते. वर सांगितलेल्या जोड-वर्धकाच्या संचात स्पीकरचे कोणतेही टोक पत्र्याला लागता कामा नये. लागले तर वर्धक जळतो. शिवाय जुन्या स्पीकरचा रोध बहुधा ३ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे नव्या संचाच्या अपेक्षेपेक्षा कमी.

ऐकायचे काय आणि ऐकू येणार काय?

हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी विचारायला हवा होता. रेडिओ म्हणजे कान. बोलणारा कोणी असेल तर तो ऐकेल.

१९५५ च्या ब्रिटिश गाडीतला रेडिओ मध्यम लहरी, आणि काही वेळा लांब लहरी, ऐकतो. या पद्धतीत ध्वनीच्या चढउतारानुसार वाहक लहरीचा आयाम कमीजास्त करतात, ती एएम. समजा केंद्राची वारंवारता १००० किलोहर्ट्झ आहे आणि गाण्यात ४ किलोहर्ट्झचा स्वर आहे. तर लहर ९९६ पासून १००४ पर्यंत पसरते. आपल्या आशियात आणि युरोप-आफ्रिकेत शेजारच्या दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवले आहे. शेजाऱ्याच्या अंगणात पाय पडू नये म्हणून ग्राहक-संच अरुंद ठेवावा लागतो, आणि ध्वनी सुमारे साडेचार हजार हर्ट्झच्या वर ऐकू येत नाही. बोलणे उत्तम कळते; झांजेची झणझण हरवते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ही मर्यादा व्हॉल्व्हची नाही, लहरीची आहे. तेच केंद्र नव्या, महागड्या संचावर लावले तरी झांज परत येणार नाही. नव्या संचाचा फायदा दिसतो तो एफएम केंद्र किंवा मोबाइलमधले गाणे लावल्यावर, कारण तेथे मूळ ध्वनीच १५ हजार हर्ट्झच्या वर-खाली पोचलेला असतो. "जुन्या रेडिओचा आवाज वाईट" असे म्हणणारा माणूस पुष्कळदा दोन रेडिओंची नव्हे, दोन प्रक्षेपणांची तुलना करीत असतो.

मग पुढचा अडथळा गाडीचा स्वतःचा. ताशी साठ किलोमीटर वेगाने जुनी गाडी धावू लागली की आत इंजिन, गिअर, वारा आणि टायर मिळून ७५ डेसिबेलच्या आसपास गोंगाट सहज होतो. बंद खोलीत ऐकताना सतारीचा सर्वांत हळू स्वर आणि सर्वांत मोठा स्वर यांत जे चाळीस-पन्नास डेसिबेलचे अंतर सुख देते, त्यातला खालचा मोठा भाग या गोंगाटात बुडून जातो. वर उरलेल्या पंधरा-वीस डेसिबेलमध्येच सारे ऐकायचे. गाडी उभी करून ऐकाल तर चार स्पीकरांचा उपयोग. घाटात चढताना नाही.

आणि केंद्रे? जर्मनीतल्या प्रमुख केंद्रांपैकी डॉइचलँडफुंकने २०१५ अखेर मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण थांबवले. तेथल्या १९५० च्या दशकातल्या बेकर रेडिओंच्या तबकडीची मध्यम लहरींची बाजू त्यामुळे जवळजवळ मुकी झाली. पण जर्मनीत एफएम १९४९ पासूनच असल्याने त्यांतल्या पुष्कळांची दुसरी बाजू बोलत राहिली. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफएमही बंद केले. आपल्याकडे एफएमचा आरंभ मद्रासला १९७७ साली झाला आणि खासगी एफएम केंद्र २००१ साली बंगळुरूला आले, म्हणून आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत एफएम नसतेच. आकाशवाणीनेही अलीकडे मध्यम लहरींची काही प्रक्षेपण-केंद्रे बंद केली आहेत. तेव्हा दुरुस्तीवर पैसे घालण्यापूर्वी एक साधा खिशातला ट्रान्झिस्टर घ्या, गाडीच्या बोनेटपासून दूर उभे राहा आणि मध्यम लहरींचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एकदा दुपारी, एकदा रात्री. जे ऐकू येईल तेच आजोबांच्या रेडिओला मिळणार.

ट्रान्झिस्टर बोनेटजवळ नेलात आणि इंजिन चालू असेल, तर दुसरेच काही ऐकू येईल : कडकड, इंजिनाच्या गतीबरोबर वाढणारी. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी हे एक छोटे प्रक्षेपण-केंद्र आहे. हर्ट्झने १८८७ मध्ये ठिणगीनेच रेडिओ-लहरी निर्माण केल्या आणि आपल्या जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात प्रात्यक्षिक दाखवले तेही ठिणगीच्याच साहाय्याने. ठिणगीमुळे आयाम बदलतो आणि एएम रेडिओ नेमका आयामच ऐकतो. एफएमवर माहिती वारंवारतेत असते, म्हणून तेथे कडकड कमी. उपाय जुनाच आहे : प्लगच्या तारांत काही हजार ओहमचा रोध, डायनॅमोला एक कंडेन्सर. गाडीत मोबाइलचा चार्जर लावला असेल तर तो आधी काढा. त्यातला झपाट्याने चालू-बंद होणारा प्रवाह मध्यम लहरींवर असा खरखराट करतो की लोक बिचाऱ्या रेडिओलाच दोष देतात.

कापलेला पत्रा

गेल्या काही दशकांत मोटारीच्या संचांचा आकार ठरून गेला आहे. त्यासाठी डॅशबोर्डात १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच चौकोन लागतो. जुन्या गाड्यांत असा चौकोन नसतो. कोठे दोन बटनांसाठी दोन भोके आणि मध्ये तबकडीची खिडकी, कोठे आपल्या मायनरप्रमाणे डॅशबोर्डखाली टांगलेले खोके. म्हणून गॅरेजवाला कात्री काढतो.

अर्थिंग उलटे केलेले पुन्हा सुलटे करता येते. कंडेन्सर पुन्हा बदलता येतो. कापलेला पत्रा मात्र जोडून, रंगवूनही पूर्वीचा होत नाही, आणि कापणारा संच स्वतः किती टिकणार? कॅसेटचे खण असलेले संच आठवा. त्यासाठी कापलेल्या चौकोनांत पुढे सीडीचे संच बसले, तेही गेले. नव्यातले नवे फार लवकर जुने होते. उलट व्हॉल्व्ह-रेडिओतला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि सुटा बदलता येतो. पोर्शेसारख्या कंपनीने २०२० साली आपल्या जुन्या गाड्यांसाठी नवा संच काढला तो जुन्याच जागेत, काहीही न कापता बसेल असा, आणि दोन बटने कायम ठेवून. त्यांना कापाकापी करणे अशक्य होते असे थोडेच आहे!

माझे मत विचाराल तर आजोबांच्या गाडीत जुना रेडिओ दुरुस्त करून जागेवरच ठेवावा आणि मामांसाठी त्यातच मोबाइलची वाट करून द्यावी. आवाज कमीजास्त करण्याच्या बटनापाशी एका लहान कंडेन्सरमधून बाहेरचा ध्वनी आत सोडता येतो. मग गाणे मध्यम लहरींवरून येतच नाही, त्यामुळे साडेचार हजार हर्ट्झचे कुंपण नाहीसे होते आणि तोच व्हॉल्व्ह, तोच स्पीकर पूर्वीपेक्षा मोकळा बोलतो. दोन टाके सोडवले की रेडिओ पूर्ववत. मात्र ज्याला रोज पुणे-मुंबई प्रवास करायचा आहे, रस्त्याची माहिती ऐकायची आहे, फोनवर हात न लावता बोलायचे आहे, त्याच्यासाठी नवा संच योग्य. तो सीटखाली किंवा कप्प्यात लपवून, विलग वीजपुरवठ्यावर बसवावा. त्याला मी नावे ठेवणार नाही.

या मोबाइलच्या वाटेत एक सापळा आहे, आणि तो तुम्हीच शोधून काढावा म्हणून येथे गणित म्हणून देतो. आजोबांच्या गाडीचे अर्थिंग पॉझिटिव्ह आहे. मोबाइलची ध्वनीची तार रेडिओला जोडली; तिचे बाहेरचे वेष्टन रेडिओच्या खोक्याला, म्हणजे पत्र्याला लागते. मोबाइल स्वतःच्या बॅटरीवर चालतो तोवर सारे ठीक आहे. आता बॅटरी उतरली म्हणून तुम्ही गाडीच्याच बॅटरीवरून चालणारा चार्जर, त्याची धन-ऋण टोके बरोबर जोडून, मोबाइलला लावता. मोबाइलच्या आत चार्जरचे ऋण टोक आणि ध्वनीच्या तारेचे वेष्टन एकत्रच जोडलेले असतात. बॅटरी, पत्रा, रेडिओचे खोके, ध्वनीची तार, मोबाइल आणि चार्जर अशी आकृती काढा. प्रवाह कोठून कोठे जाईल, त्या वाटेत रोध किती आहे, आणि सर्वांत आधी काय वितळेल? मग दोन्ही वेटोळी एकमेकांना कोठेही जोडलेली नाहीत असा लहानसा ध्वनि-ट्रान्सफॉर्मर त्या तारेत घातला तर गाणे पुढे जाईल पण प्रवाह जाणार नाही, असे का, तेही आकृतीवरूनच दाखवा.